एका पेंटियममधली तीन बिऱ्हाडं

"मशीन चालू हाय, पण जुनं विंडोज घावंना झालंय. येऊन बघ की जरा."

२०२३ च्या पावसाळ्यात सांगलीतल्या एका छोट्या छापखान्याच्या मालकांचा हा फोन आला. मी त्यांना काका म्हणतो. जुनी मशीन दुरुस्त करणं हे माझं काम, आणि ज्या मशीनमध्ये मराठी मजकूर अडकून पडलाय तिथे मी आवर्जून जातो. पुढचे पाच आठवडे या एका मशीनवर गेले. ते सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण असे छापखाने, मंडळं, वाचनालयं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांना एकच सल्ला मिळतो, की भंगारात घाला, नवीन घ्या. मशीनबरोबर आणखी काय भंगारात जातंय हे सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा विचारलेलंच नसतं.

काकांना दोन गोष्टी हव्या होत्या. एका शिक्षण संस्थेची १९९९ साली छापलेली स्मरणिका दुरुस्त करून पुन्हा छापायची होती. पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममधली तिची फाईल या मशीनमध्ये होती. दुसरी गोष्ट त्यांच्या जिव्हाळ्याची. ते स्वतः एक मासिक चालवायचे, ते २००३ मध्ये बंद पडलं. त्याच्या वर्गणीदारांची यादी यात होती. यादीत गावोगावची वाचनालयं आणि शाळा होत्या. एक शेवटचा विशेषांक काढून त्या सगळ्यांना पाठवायचा, हे काकांच्या मनात कित्येक वर्षं होतं.

मशीन

१९९९ च्या अखेरीस घेतलेलं पेंटियम थ्री, ५५० मेगाहर्ट्झ. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, २५६ एमबी एसडीरॅम, ६.४ जीबीची आयडीई डिस्क. ४४०बीएक्स हा चिपसेट १९९८ चा, आणि मला तो फार आवडतो, कारण तो बरोबर उंबरठ्यावर उभा आहे. त्यावर यूएसबी आहे आणि जुन्या पद्धतीची कार्डं बसवायचा आयसा स्लॉटही आहे. फ्लॉपी, पॅरलल पोर्ट, सगळं जागच्या जागी. इंटेलच्या पुढच्या चिपसेटांमधून आयसा गेलाच.

या बोर्डाच्या आयसा स्लॉटमध्ये एक लांबलचक कार्ड बसलेलं होतं. काढून पाहिलं तर जिस्ट कार्ड. नव्या वाचकांसाठी सांगतो. डॉसला देवनागरी अजिबात येत नव्हती, तेव्हा पडद्यावर मराठी अक्षरं दाखवायचं काम हे कार्ड करायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने घराघरांत नाही तरी कचेऱ्याकचेऱ्यांत पोचवलं. काकांनी ते १९९२ च्या सुमाराला आधीच्या मशीनसाठी घेतलं होतं आणि मशीन बदललं तेव्हा नव्यात बसवून घेतलं. वर्गणीदारांची यादी या कार्डावर, फॉक्सप्रो या याद्या ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये भरलेली होती.

पॅरलल पोर्टवर आणखी एक वस्तू होती, काडेपेटीएवढी. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या, मराठी पॅकेजचं लॉक. छापखान्यात त्याला लॉकच म्हणतात. ते पोर्टवर नसेल तर पॅकेज उघडत नाही.

म्हणजे या एका मशीनमध्ये तीन काळ राहत होते. एमएस-डॉस ६.२२ वर यादी, विंडोज ९८ वर पेजमेकर आणि लॉकवालं पॅकेज, आणि नंतर कुणीतरी टाकलेलं विंडोज एक्सपी. जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडं असावीत तशी. मी गेलो तेव्हा त्यांपैकी फक्त एक्सपीचं दार उघडत होतं.

दोन रूपांतरं

ऑपरेटर ताई त्या छापखान्यात वीस वर्षांहून जास्त काळ आहेत. त्यांच्याकडून इतिहास काढला आणि डिस्कवरच्या फाईलींच्या तारखांशी ताडून पाहिला, तेव्हा काय झालं ते स्वच्छ कळलं.

फॅट१६, फॅट३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फाईलींची नोंद ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती. सुरुवातीला डिस्कचं विभाजन फॅट१६ पद्धतीचं होतं. डॉस ६.२२ आधीपासून होतं, त्यावर ९८ वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलेलं. अशा वेळी ९८ जुन्या डॉसच्या मुख्य फाईली पुसत नाही, नाव बदलून बाजूला ठेवतं. चालू होताना एफ८ दाबलं की 'आधीचं डॉस' असा पर्याय येतो आणि तो निवडला की डॉस उठतं. ताई वर्षभर असंच काम करत होत्या.

मग २००१ मध्ये जागा कमी पडायला लागली. ९८ मध्येच एक सोय आहे, फॅट१६ चं फॅट३२ करून देणारी. जागेची नासाडी कमी होते, म्हणून कुणीतरी ती चालवली. सगळ्या फाईली शाबूत राहिल्या, ९८ चालू राहिलं, जागा वाढली. पण डॉस ६.२२ ला फॅट३२ वाचताच येत नाही. पहिलं बिऱ्हाड त्या दिवशी गेलं. यादी डिस्कवर होती, कार्ड स्लॉटमध्ये होतं, पण त्या कार्डाची सगळी मांडणी ज्या डॉसमध्ये केली होती ते उठेना.

पुढे २००९ मध्ये दुसऱ्या विभागात एक्सपी टाकलं गेलं. त्यातही चूक नव्हती. एक्सपी स्वतःचा मेन्यू करतं, जुन्या ९८ चा ५१२ बाइटांचा बूट सेक्टर, म्हणजे सिस्टिम उठवणारा छोटा कोड, एका फाईलमध्ये जपून ठेवतं आणि मेन्यूतून ९८ निवडलं की तो चालवतं. नेमकी चूक झाली ती माझ्याकडे फोन येण्याच्या आठवडाभर आधी. मशीन हळू चालतं म्हणून एका तंत्रज्ञाला बोलावलं होतं. त्याने सी ड्राईव्हचं एनटीएफएस करून टाकलं. आता मेन्यूत ९८ दिसत होतं, पण निवडलं की काळ्या पडद्यावर 'सिस्टिम डिस्क चुकीची आहे' अशा अर्थाची ओळ यायची. जपून ठेवलेला बूट सेक्टर फॅट३२ शोधत होता आणि तिथे आता एनटीएफएस होतं. दुसरं बिऱ्हाडही गेलं.

दोन्ही वेळा तेच घडलं. दोन्ही वेळा फाईली शंभर टक्के सुरक्षित होत्या, त्यामुळे करणाऱ्याला वाटलं काहीच बिघडलं नाही. दोन्ही रूपांतरं एकेरी होती. उलट फिरायची सोय विंडोजमध्ये नाही. आणि दोन्ही वेळा नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयीसाठी जमिनीचीच जात बदलली, आणि त्या जमिनीवर उभा राहायचा जुन्याचा हक्क गेला. मला या प्रकरणातून सांगायचं आहे ते हेच आहे. जुन्या सिस्टिमला पुढे काय येणार याची कल्पना नसते, त्यामुळे एकत्र राहण्याचा समजूतदारपणा तिच्याकडून मागताच येत नाही. ती डिस्कवर एकटीच आहे असं तिला वाटू द्यायचं, आणि त्यासाठी मध्ये भिंती घालायच्या.

आधी नक्कल

काहीही दुरुस्त करण्याआधी डिस्क काढली आणि माझ्या लॅपटॉपला आयडीई-यूएसबी अडॅप्टरने जोडली. जीएनयू डीडीरेस्क्यू चालवलं. हे साधन आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा नकाशात नोंदवून ठेवतं आणि मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतं. म्हाताऱ्या डिस्कला हेच झेपतं. काही सेक्टर शेवटपर्यंत आले नाहीत, पण नकाशा पाहिला तर ते एक्सपीच्या भागात होते. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दरम्यान मशीन उघडून साफ केलं, रॅमच्या पट्ट्यांचे संपर्क खोडरबरने घासले, पॉवर सप्लाय फुगलेल्या कपॅसिटरमुळे बदलला.

काकांच्या मुलीने पुण्याहून फोनवर विचारलं, "दादा, हे सगळं नवीन लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये नाही का टाकता येणार?" प्रश्न रास्त होता आणि जिथे जमतं तिथे मीही तेच करतो. इथे दोन वस्तू आडव्या येत होत्या. आयसाचं कार्ड कुठल्याच लॅपटॉपमध्ये बसत नाही, आणि माझ्या माहितीतलं कुठलंही एम्युलेटर त्या कार्डाची नक्कल करत नाही. लॉकचंही तसंच. बाजारात यूएसबी ते पॅरलल वायर मिळते, पण ती मशीनला फक्त प्रिंटर म्हणून दिसते. लॉक तपासणारं जुनं पॅकेज थेट ३७८ या पत्त्यावरच्या पोर्टशी बोलतं, आणि त्या पत्त्यावर त्या वायरीचं काहीच नसतं. पॅकेज पुन्हा टाकायचं तर त्याची सीडी वाचता येत नव्हती. म्हणून याच मशीनवर, याच पोर्टवर, तिन्ही सिस्टिम पुन्हा उभ्या करायच्या असं ठरलं.

भिंती

जुनी डिस्क निवृत्त केली. जुन्या बाजारातून ४० जीबीची चांगली आयडीई डिस्क मिळाली. जोडली तर मशीन डिस्क ओळखण्याच्या जागीच थिजलं. बायोस म्हणजे मशीन चालू होताच डिस्क वगैरे ओळखणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, आणि हा १९९९ च्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच अवॉर्ड बायोसचा ओळखीचा दोष आहे. ६५,५३५ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर हा हिशेब ३३.८ जीबीला संपतो आणि त्यापुढची डिस्क आली की बायोस अडकतो. अशा डिस्कवर पुष्कळदा एक जंपर असतो, तो लावला की डिस्क स्वतःला ३२ जीबीची म्हणवते. लावला, मशीन उठलं. आठ जीबी वाया गेले तरी चालतील.

मग आखणी. पहिल्या सेक्टरमध्ये विभागांच्या नोंदींसाठी ६४ बाइट असतात, १६ बाइटांच्या चार नोंदी. म्हणजे मुख्य विभाग चारच. पहिला ५०० एमबीचा फॅट१६, डॉससाठी. दुसरा ८ जीबीचा फॅट३२, ९८ साठी. तिसरा १० जीबीचा एनटीएफएस, एक्सपीसाठी. चौथ्या नोंदीत विस्तारित विभाग, आणि त्याच्या पोटात एक सामाईक फॅट३२ विभाग व एक छोटं लिनक्स.

डॉस सगळ्यात पुढे ठेवायचं कारण फक्त ज्येष्ठता नाही. डॉस ६.२२ ला डिस्कचे पहिले ८.४ जीबीच पोचतात. विस्तारित विभागाच्या नोंदीतला प्रकाराचा आकडाही मी मुद्दाम ०एफ ठेवला. जुना ०५ ठेवला असता तर डॉसने तो ओळखला असता, त्यात जायचा प्रयत्न केला असता, आणि आपल्याला न पोचणाऱ्या जागेचा पत्ता मोजताना पुन्हा डिस्कच्या सुरुवातीला येऊन तिथेच लिहिलं असतं. ०एफ डॉसला कळत नाही, म्हणून ते त्याच्या वाटेला जात नाही. न कळणं हीच इथे सुरक्षितता आहे.

भिंतीचं काम ग्रबने केलं, म्हणजे कुठली सिस्टिम उठवायची ते सुरुवातीला विचारणाऱ्या प्रोग्रॅमने, त्याच्या जुन्या ०.९७ आवृत्तीने. त्यात विभाग लपवायची आज्ञा आहे. लपवणं म्हणजे विभागाच्या प्रकाराच्या आकड्यात एक बिट बदलणं, ०सी चं १सी होतं आणि विंडोजला ती जागा अनोळखी वाटते. मेन्यूतून डॉस निवडलं की ९८ आणि एक्सपी लपतात. ९८ निवडलं की डॉस आणि एक्सपी लपतात. प्रत्येकाला आपला विभाग सी म्हणून दिसतो, आणि ९८ व एक्सपी दोघांनाही सामाईक विभाग डी म्हणून दिसतो.

या अक्षरांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. ९८ आधी सगळ्या मुख्य विभागांना अक्षरं वाटतं, मग विस्तारितातल्यांना. डॉसचा विभाग उघडा राहिला असता तर सामाईक विभाग ९८ मध्ये ई झाला असता आणि एक्सपीमध्ये डी राहिला असता. पेजमेकरची फाईल चित्रांचे पत्ते अक्षरासकट लक्षात ठेवते. स्मरणिकेत दोनशेच्या वर छायाचित्रं होती. एक अक्षर सरकलं असतं तर सगळी चित्रं हरवली असती.

एक्सपी नव्याने टाकलं, कारण त्यात जपण्यासारखं काही नव्हतं आणि ते मुळात डी वर वाढलेलं होतं. टाकताना बाकीचे विभाग लपवलेले होते, त्यामुळे त्याने आपला मेन्यू आणि बूटच्या फाईली स्वतःच्याच विभागात ठेवल्या. त्याचं हायबरनेशन लगेच बंद केलं. एक्सपी झोपवून ९८ चालू केलं आणि सामाईक विभागात काही लिहिलं, तर उठल्यावर एक्सपी आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे त्यावर लिहितं आणि फाईली जातात. नेटवर्कची वायरही काढून ठेवली. ९८ ला मायक्रोसॉफ्टचा आधार २००६ मध्ये संपला, एक्सपीला ८ एप्रिल २०१४ ला. ही मशीन आता इंटरनेटला लावायची नाहीत.

परदेशातल्या लोकांना अशा मांडणीत घड्याळाचा फार त्रास होतो. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची तिकडे पद्धत आहे आणि प्रत्येक विंडोज आपापल्या परीने तो तास सरकवतं. आपल्याकडे ती भानगड नाही. लिनक्सला तेवढं सांगितलं की मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे. घड्याळाने मला त्रास दिलाच, पण वेगळ्या वाटेने.

९८ ला उठवताना

९८ ची एक जमेची बाजू अशी की ते नुसत्या फाईली उचलून दुसरीकडे नेता येतं. नक्कल केलेल्या एनटीएफएसमधून सगळं नव्या फॅट३२ मध्ये उतरवलं, ९८ च्या फ्लॉपीवरून एसवायएस आज्ञा देऊन बूट सेक्टर पुन्हा बसवला, आणि पहिल्याच प्रयत्नात निळं आकाश आणि ढग दिसले. ताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

पण पॅकेज उघडेना. आधी चिन्हांवर टिचकी मारली की फाईल सापडत नाही, असं यायचं. हे लवकर उमगलं. जुने प्रोग्रॅम लांब नावांऐवजी आठ अक्षरी छोटी नावं वापरतात, आणि सारख्या सुरुवातीच्या दोन फोल्डरांना ~१, ~२ असे क्रमांक मिळतात. क्रमांक ठरतो तो कुठलं फोल्डर आधी तयार झालं यावर. मी फाईली वर्णानुक्रमे उतरवल्या होत्या, मूळ मशीनमध्ये त्या वेगळ्या क्रमाने आल्या होत्या. दोन फोल्डरांचे क्रमांक उलटसुलट झाले होते. विभाग पुसून, फोल्डर मूळ क्रमाने तयार करून पुन्हा उतरवलं. चिन्हं चालू लागली.

आता पॅकेज सुरू व्हायचं आणि म्हणायचं, लॉक सापडत नाही.

इथे मी दीड दिवस चुकीच्या दिशेने घालवला. माझ्या डोक्यात नक्कल हाच आरोपी होता. रजिस्ट्री तपासली, ड्रायव्हर तपासला, लॉकचे पाय साफ केले. शेवटी सामाईक विभागातल्या एका नव्या फाईलची तारीख पाहिली तर ती जानेवारी १९९९ ची होती. बायोसची सीआर२०३२ बॅटरी मेली होती. पॉवर सप्लाय बदलताना मशीन रात्रभर विजेशिवाय राहिलं, बायोस सगळ्या मांडणीसकट मूळपदावर गेला आणि पॅरलल पोर्टचा प्रकारही बदलला. दुकानातून बॅटरी आणली, पोर्ट पुन्हा साध्या जुन्या प्रकारावर ठेवला. लॉक सापडलं, पॅकेज उघडलं, स्मरणिकेचं मुखपृष्ठ पडद्यावर आलं.

मशीनशी बोलताना पहिली नजर घड्याळावर टाकायची, हे आता माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. बॅटरी बदलणं हे काम मी मशीन उघडल्या दिवशीच करायला हवं होतं.

लेबलं

डॉस तीन फ्लॉप्यांवरून टाकलं. काकांनी त्या प्लॅस्टिकच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसकट जपल्या होत्या, तिन्ही वाचल्या. कार्डाचा प्रोग्रॅम चढवला आणि काळ्या पडद्यावर 'वर्गणीदार क्रमांक' अशी अक्षरं उमटली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

यादी उघडली. पण पत्त्यांची लेबलं छापायचा एक छोटा प्रोग्रॅम होता, नव्वदच्या दशकात एका ओळखीच्या मुलाने टर्बो पास्कलमध्ये लिहून दिलेला. तो सुरू होताच 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडायचा. ताई म्हणाल्या, "हे मशीन आलं तेव्हापासून तो बंदच आहे. आम्ही लेबलं हातानेच लिहायचो." म्हणजे १९९९ पासून मासिक बंद पडेपर्यंत, दर महिन्याला, सगळे पत्ते हाताने.

चूक त्या मुलाची नव्हती. टर्बो पास्कलमधल्या पडद्याच्या कामाचा ठरावीक भाग सुरुवातीला मशीनचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून त्याला ५५ ने भागतो. उत्तर ठेवायला १६ बिटांची जागा आहे. ४८६ वर ते आरामात मावायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे मशीन इतकं वेगवान होतं की उत्तर त्या जागेत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक म्हणून हात वर करतो. मशीन नवीन आणि चांगलं होतं म्हणून प्रोग्रॅम मेला.

तात्पुरता इलाज म्हणून बायोसमधून प्रोसेसरचा कॅश, म्हणजे वेग वाढवणारी त्याची जवळची मेमरी, बंद केला. पेंटियम थ्री एकदम बैलगाडीच्या चालीवर आलं आणि प्रोग्रॅम धावला. नंतर मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवून तिच्या नकलेवर दुरुस्तीचा तयार पॅच लावला. आता कॅश चालू ठेवूनही लेबलं निघतात. हे काम तासाभराचं होतं. १९९९ मध्ये कुणी ते करून दिलं असतं तर, हा विचार मला अजून टोचतो.

जुनं सोपं निघालं

पुढची गोष्ट मला स्वतःला अनपेक्षित होती, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी असं फार वाटतं.

आमचा अंदाज असा की डॉसमधली यादी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मशीनना कळणाऱ्या कोडात, आणायला जड जाईल, कारण ती सर्वांत जुनी, आणि पेजमेकरचा मजकूर त्यामानाने सोपा. घडलं उलटं. यादी एका संध्याकाळी बाहेर आली. स्मरणिकेच्या मजकुराला तीन आठवडे लागले.

कारण असं की जिस्ट कार्ड मजकूर इस्की पद्धतीने साठवायचं. इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचं आपलं मानक, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरलेलं. त्यात अक्षर ज्या क्रमाने उच्चारलं जातं त्याच क्रमाने साठवतात. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी काढायची हे काम कार्डाचं. युनिकोडमधला देवनागरीचा भाग याच इस्कीच्या धर्तीवर रचला गेला. त्यामुळे एका कोडाचं दुसऱ्या कोडात रूपांतर करायला छोटासा तक्ता पुरतो.

विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्या काळातल्या डीटीपी पॅकेजांनी वेगळी युक्ती केली. संगणकाला वाटत राहायचं की आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं छापतोय, आणि फाँट त्या जागी मराठी आकार दाखवायचा. आकार, अक्षर नाही. पहिली वेलांटी आधी साठवलेली, कारण ती डावीकडे दिसते. रफार अक्षराच्या नंतर साठवलेला, कारण तो वर उजवीकडे दिसतो. ग, ण, श ही अक्षरं अर्धा आकार आणि काना मिळून केलेली, त्यामुळे काना दिसला तर तो खरा काना की ग चा दांडा, हे शेजार पाहून ठरवावं लागतं. डोळ्याला अगदी सुंदर मराठी, आणि आत नुसती जुळणी. खिळे जुळवायच्या काळाशी हे नातं काकांनी लगेच ओळखलं. "आरं, हे तर कंपोझिंगच झालं की!"

रूपांतराचं काम एक्सपीवर केलं. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा पर्याय सीडीवरून वेगळा टाकावा लागतो, एक्सपीमध्ये तो आपोआप नसतो. तयार रूपांतरकाने मजकूर बऱ्यापैकी काढला, पण सगळे 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'करणाऱ्या' हे 'दुसर्या', 'तिसर्या', 'करणार्या' झाले. इंटरनेटवर आजही हजारो पानांवर हेच दिसतं. आंधळेपणाने सगळे बदलावेत तर 'कार्यालय' आणि 'आचार्य' बिघडतात. दर्या समुद्र आहे आणि दऱ्या डोंगरात असतात, यंत्राला हे कुठून कळणार? ताईंनी पहिली बारा पानं हाताने दुरुस्त केली. मग लक्षात आलं की मूळ फाँटात या अर्ध्या ऱ ला स्वतःचा वेगळा आकार आणि वेगळा कोड आहे. माहिती फाईलमध्ये होतीच, रूपांतरकाच्या तक्त्याने ती सांडली होती. तक्त्यात एक ओळ वाढवली, पहिल्यापासून चालवलं, आणि सगळे ऱ्या जागेवर आले. यादीत हा प्रश्न आलाच नव्हता, कारण इस्कीत ऱ ला पहिल्यापासून स्वतंत्र जागा आहे.

'ॲड.' मात्र एक्सपीवर शेवटपर्यंत नीट दिसलं नाही. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, एक्सपीचा मंगल फाँट त्याच्या आधीचा. तिथे चौकोन दिसतो. तो चौकोन तसाच ठेवायचा, कोड बरोबर आहे, नव्या मशीनवर अक्षर दिसतं, हे ताईंना पटायला दोन छपाया लागल्या.

आत्ताची स्थिती

मशीन चालू करताना ग्रबचा मेन्यू येतो. त्यात देवनागरी येत नाही, म्हणून ताईंनी मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलाय: 'पहिलं – वर्गणीदार. दुसरं – जुनी पानं. तिसरं – नवीन मराठी, पेन ड्राईव्ह इथेच. चौथं – हात लावू नये, दादांचं.' चौथं म्हणजे लिनक्स. त्याला सगळे विभाग दिसतात, लपवलेलेही, म्हणून डॉसमधली यादी सामाईक विभागात आणायची तर तिथूनच. ग्रब बिघडला तर तिघांचीही दारं बंद होतील, म्हणून ग्रबची एक फ्लॉपी करून तांदळाच्या त्याच डब्यात ठेवली आहे.

पूर्ण डिस्कच्या दोन नकला आहेत, एक छापखान्यात पोटमाळ्यावर आणि एक पुण्यात काकांच्या मुलीकडे. खाली ठेवायची नाही, हे काकांनी स्वतः ठरवलं. २०१९ च्या ऑगस्टमधलं कृष्णेचं पाणी त्यांनी दुकानात पाहिलंय.

लॉकची नक्कल नाही. ते एकच आहे, आणि ते गेलं तर ९८ वरचं पॅकेज गेलं. म्हणून ताई आता दुपारच्या वेळात १९९९ ते २००८ मधल्या इतर पुस्तकांचा मजकूर एकेक करून बाहेर काढतायत. यादीतली काही वाचनालयं बंद झालीत, काहींचे पत्ते बदललेत. काका रोज सकाळी दहा-बारा फोन लावतात आणि वहीत खुणा करतात. परवा त्यांनी कपाटातून आणखी अकरा फ्लॉप्या काढल्या, सव्वापाच इंची, मासिकाच्या पहिल्या अंकांच्या काळातल्या. वर बुरशी आहे. मशीनच्या बायोसमध्ये १.२ एमबीच्या ड्राईव्हचा पर्याय अजून आहे, केबलवर जागाही आहे. ड्राईव्ह मिळालाय, त्याचा पट्टा बदलायचा आहे.